पाचपगारी

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या कंपनीत त्याला नावानं कुणीच हाक मारत नसे. सगळे पाचपगारी म्हणत. हे बिरुद त्यानं स्वतःच ओढवून घेतलं होतं. दोन वर्षांपूर्वी जेवणाच्या सुट्टीत, सगळ्यांचे डबे उघडे असताना, त्यानं उजव्या हाताची बोटं एकेक करून मिटून दाखवली होती. "हा कंपनीचा पगार. हा टेम्पो. हे कॉफीचं मशीन. हे पाणी शुद्ध करायच्या यंत्रांचं कमिशन. आणि ही रविवारची घरगुती दुरुस्ती. तुम्ही एका पगारावर जगता, मी पाचांवर."

"आणि झोपतोस कधी रे?" कुणीतरी विचारलं.

"झोप ही गरिबाची चैन असते," तो म्हणाला.

हे वाक्य त्याचं नव्हतं, साडूचं होतं. साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. विम्याच्या पॉलिसी विकायचा. बोलायला असा की दगडाला पाझर फोडील आणि तो पाझरही बाटलीत भरून विकील. पण मनानं वाईट नव्हता. पाचपगारीची बायको जिथं शिवणकामाला जायची तो कारखाना बंद पडला, दोन पगारांच्या भरवशावर घेतलेल्या दोन खोल्यांचा हप्ता एका पगारावर येऊन पडला, तेव्हा मदतीला धावून आला तो साडूच. एका हॉटेलच्या थंडगार हॉलमध्ये तो त्याला भाषण ऐकायला घेऊन गेला. कोट घातलेला एक माणूस तिथं सांगत होता की आपण पैशासाठी राबायचं नसतं, पैशाला आपल्यासाठी राबवायचं असतं. दोन तास पाचपगारी मान डोलावत होता. बाहेर पडल्यावर साडू म्हणाला, "टेम्पो घे. कर्जाला जामीन मी राहतो. वर्षभरात घराचा हप्ता टेम्पो भरेल आणि तू नुसता बघत बसशील."

बघत बसायची वेळ आली खरी, पण वेगळ्या अर्थानं. टेम्पोवर ठेवलेल्या ड्रायव्हरनं तिसऱ्याच महिन्यात तो दुभाजकावर चढवला आणि चावी तशीच सोडून पळ काढला. दुरुस्तीला दुसरं कर्ज झालं. कॉफीचं मशीन ज्या दवाखान्याच्या दारात ठेवलं होतं तो दवाखाना दुसऱ्या गावी हलला आणि मशीनचा हप्ता तेवढा मागे राहिला. पाण्याची यंत्रं आधी स्वतः विकत घ्यायची होती, मग विकायची होती. त्यातली अकरा खोकी अजून पलंगाखाली होती आणि नातेवाईक आता त्याचा फोन उचलत नव्हते. रविवारची दुरुस्ती तेवढी चालायची, कारण तिथं भांडवल म्हणजे त्याचे दोन हात. पण त्या हातांना आठवड्यात सुट्टीच उरली नाही. टेम्पो तो आता स्वतःच चालवायचा. पहाटे भाजीबाजारात, संध्याकाळी कुणाचं घरसामान हलवायला. एका कर्जाचा हप्ता भरायला दुसरं काढायचं, दुसऱ्यासाठी तिसरं. एकाची टोपी दुसऱ्याच्या डोक्यावर घालता घालता टोप्या किती आणि डोकी किती, हेच त्याला कळेनासं झालं होतं.

बायकोला पाच कर्जं ठाऊक होती. खरी आठ होती.

"तुम्ही पाच नळ लावलेत," ती एकदा म्हणाली होती, "पण टाकीत पाणी का दिसत नाही हो?" टाकीला भोकं किती आहेत हे सांगायची त्याची छाती नव्हती.

त्या शुक्रवारी सकाळी त्याला एका सात मजली जुन्या इमारतीत पाठवलं होतं. तिथली लिफ्ट जाळीच्या सरकत्या दारांची. अशा लिफ्टची एक साधी खूण असते. कुठल्याही मजल्यावर जाळी जराशीही उघडी असली की लिफ्ट जागची हलत नाही. जाळीत एक छोटा खटका असतो, तो मिटल्याशिवाय मोटरला वीज मिळत नाही. चौथ्या मजल्यावरचा तो खटका झिजला होता, म्हणून लिफ्ट मधेच अडत होती. अशा वेळी काम करताना वरच्या खोलीतल्या पेटीत एक तात्पुरती तार जोडतात, म्हणजे दार उघडं असो वा बंद, लिफ्ट पुढेमागे नेऊन बिघाड बघता येतो. काम झालं की तार काढायची. कंपनीतल्या वस्तादानं, म्हणजे त्यांच्या सगळ्यात जुन्या मिस्त्रीनं, प्रत्येकाला पहिल्या दिवशी शिकवलेली ही गोष्ट. लाल चिमट्यांच्या दोन तारा शर्टाच्या खिशात घेऊन निघायचं आणि दोन घेऊनच परत यायचं.

खटका बदलून झाला. तो पेटीपाशी परतला तेवढ्यात फोन वाजला. टेम्पोच्या कर्जाच्या ऑफिसातून होता.

"तीन हप्ते थकलेत साहेब. आज सहा वाजता आमची माणसं गाडी उचलायला येतायत."

"एक हप्ता आज भरतो. शब्द देतो."

"शब्द तीन महिने ऐकतोय. सहाच्या आत एक हप्ता आला तर गाडी राहील. नाही आला तर जामीनदारालाही नोटीस जाईल."

जामीनदार म्हणजे साडू. साडूच्या घरावर नोटीस म्हणजे मेहुणीच्या दारात नोटीस. म्हणजे दोन बहिणींच्या मधे भिंत. दोन वाजता एका शिंप्याचं दुकान हलवायचं काम होतं. मिळणारे पैसे अगदी एका हप्त्याइतके. त्यानं घड्याळ बघितलं. दीड. त्यानं पेटीचं झाकण लावलं, हत्यारं गोळा केली, खाली येऊन वॉचमनच्या वहीत "दुरुस्त, चालू" असं लिहून सही ठोकली. कंपनीला फोन करून अर्धा दिवस रजा टाकली आणि टेम्पोकडे पळत सुटला.

शिंपी साठीतला होता, किडकिडीत, तोंडाचा तिखट. भाड्याचं दुकान संध्याकाळपर्यंत रिकामं करून द्यायचं होतं. "हळू हो! ते मशीन आहे, पिंप नाही," असं तो दर पाच मिनिटांनी ओरडत होता. सहा शिलाई मशीन, कापडाचे गठ्ठे, एक लांबलचक टेबल, कपड्यांच्या दुकानात असतात तसे बिनडोक्याचे दोन पुतळे. पाचपगारीनं एकेक खांद्यावर घेऊन टेम्पोत चढवायला सुरुवात केली. रात्री चारच तास झोप झाली होती. पण मनात एकच घोकणी चालली होती, सहाच्या आत, सहाच्या आत.

चारला दहा मिनिटं होती. शिंप्यानं एका खोक्यावर "बटणं" असं लिहायला सांगितलं. त्यानं खिशातून पेन काढायला हात घातला. पेन हाताला लागलं, आणि एक चिमटा लागला. एकच.

त्यानं दुसऱ्या खिशात पाहिलं. पँटच्या खिशात पाहिलं. हत्यारांची पिशवी जमिनीवर उपडी केली.

"काय हरवलं?" शिंपी म्हणाला.

"काही नाही."

तार पेटीतच होती. लिफ्ट चालू होती आणि तिचं दार आता तिला अडवत नव्हतं.

त्यानं मनाशी सावरासावर सुरू केली. लोक दार लावतातच की. कोण उघड्या जाळीत उभं राहतंय? उगाच कशाला डोक्यात भलतंसलतं? ऑफिसला फोन करावा तर वहीत "चालू" लिहून सही केलेली. उशिरा येण्याबद्दल एक मेमो आधीच हातात पडला होता. दुसरा मेमो म्हणजे घरी बसा. पगारच गेला तर बाकीचे चार पगार म्हणजे नुसती बोटं. उरलेलं सामान चढवायला अर्धा तास, पोचवायला अर्धा, पाचपर्यंत पैसे हातात, मग सरळ इमारतीत, तार काढायची, कुणाला पत्ताही लागणार नाही. एवढंच तर आहे.

त्यानं तिसरं मशीन उचललं. मग चौथं. हात ओले झाले होते, मशीन निसटत होतं. पाचवं मशीन टेम्पोत ठेवून तो परत आला तेव्हा शिंपी दुकानाची सरकती जाळी अर्धी ओढत होता. पाचपगारीनं नकळत कडेला हात टेकला होता.

"अहो, बोटं सांभाळा!" शिंपी खेकसला. "कापली जातील!"

त्यानं हात मागे घेतला, आपल्या बोटांकडे बघितलं आणि तिथंच फोन काढला. घड्याळात चार वाजून पाच मिनिटं झाली होती.

तक्रारी घेणाऱ्या बाईंनी फोन उचलला. "माझी तार राहिलीय," तो म्हणाला. "सकाळच्या इमारतीत. वॉचमनला सांगा, मेन स्विच पाडायला सांगा. आत्ता. आत्ताच्या आत्ता."

"पण तुम्ही तर लिफ्ट चालू आहे म्हणून..."

"बाई, पाया पडतो तुमच्या. आधी स्विच पाडायला सांगा, मग मला काय हवं ते विचारा."

शिंपी जाळी धरून उभा होता. त्याला सगळं कळलं नव्हतं, पण चेहरा वाचता येण्याइतकं आयुष्य त्यानं काढलं होतं. "कुणी मरेल?" त्यानं सरळ विचारलं.

"मरू शकतं."

"मग चला की. मशीनं काय रडणार आहेत?" असं म्हणत तो स्वतःच टेम्पोत चढून बसला.

रस्त्यात फोन आला. पाचपगारीनं गाडी कडेला घेतली. तक्रारीच्या बाईंचा आवाज बदललेला होता. "स्विच पाडलाय. पण उशीर झाला. साफसफाई करणाऱ्या बाई आहेत तिथल्या, त्यांचा हात..."

झालं होतं असं. त्या इमारतीत जिने आणि लिफ्ट पुसायला एक मावशी यायच्या. पन्नाशी उलटलेल्या. सगळेच त्यांना मावशी म्हणत. गेली नऊ वर्षं त्या लिफ्टची फरशी एकाच पद्धतीनं पुसत होत्या. तळमजल्यावर जाळी उघडी ठेवायची, म्हणजे लिफ्ट कुठं जात नाही, आणि बाहेर गुडघे टेकून आत हात घालून फडकं फिरवायचं. त्या दिवशीही त्यांनी तेच केलं. वर सातव्या मजल्यावर कुणीतरी बटण दाबलं. नऊ वर्षांत जी कधी हलली नव्हती ती लिफ्ट उघड्या दारानं वर निघाली. मावशींनी अंग मागे फेकलं म्हणून त्या वाचल्या. उजवा हात मात्र मनगटापाशी सापडला.

पाचपगारी इमारतीशी पोचला तेव्हा मावशींना दवाखान्यात नेलं होतं. फरशीवर बादली चेपून पडली होती आणि पाणी पायरीपर्यंत पसरलं होतं. त्यानं वॉचमनला एकच प्रश्न विचारला. "किती वाजता?"

"चारचे टोले पडत होते," वॉचमन म्हणाला. "मी घड्याळ लावत होतो, म्हणून लक्षात आहे."

चार. त्याच्या हाताला एकच चिमटा लागला होता तो चारला दहा कमी असताना. त्या दहा मिनिटांत त्यानं दोन मशीनं उचलली होती. तो त्या ओल्या पायरीवरच बसला.

शिंप्यानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला नाही की समजूत घातली नाही. "किल्ली द्या," तो म्हणाला. "तरुणपणी मी ट्रक चालवलाय. सामान मी उतरवून घेतो आणि गाडी तुमच्या घरापाशी लावतो, पत्ता सांगा. तुम्ही दवाखान्यात जा."

दवाखान्यात मावशींची सून बाकावर बसली होती, मांडीवर मावशींची चप्पल घेऊन. डॉक्टरांनी सांगितलं होतं की मनगट आणि दोन बोटं मोडलीत, शस्त्रक्रिया करावी लागेल, आधी अनामत भरा. कंपनीचा विमा होता, पण विम्याची माणसं सोमवारी येणार होती. सुनेनं काउंटरवर तीनदा विनवून पाहिलं होतं. "तुम्ही कोण?" तिनं त्याला विचारलं.

"लिफ्ट दुरुस्त करणारा," तो म्हणाला. ती नुसती बघत राहिली. तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

साडेपाचला शिंपी दारात उभा राहिला. हातात टेम्पोची किल्ली आणि ठरलेले पैसे, एक दमडी कमी नाही. "टेम्पो तुमच्या गल्लीत लावून रिक्षानं आलोय. काम निम्मं मी केलं, पण बोली तर बोली," तो म्हणाला.

पाचपगारी नोटा हातात घेऊन उभा राहिला. कर्जाचं ऑफिस दवाखान्यापासून दोन चौकांवर होतं. पळत गेला असता तर सहाच्या आत पोचला असता. टेम्पो राहिला असता, साडूला नोटीस गेली नसती, बायकोला आज रात्री निदान तेवढं तरी सांगावं लागलं नसतं. सून त्या नोटांकडे बघत नव्हती. चपलेची धूळ पुसत होती.

तो काउंटरवर गेला आणि सगळे पैसे भरले. तरी थोडे कमी पडले. शिंप्यानं चष्मा कपाळावर सरकवून खिशातलं पाकीट काढलं, उरलेले भरले आणि म्हणाला, "हे कर्ज नाही हां. आधीच तुमच्या नावावर पुष्कळ दिसतंय."

सहा वाजून गेल्यावर त्याच्या गल्लीतून टेम्पो उचलला गेला. रात्री आठला साडू आणि मेहुणी घरात येऊन बसले होते. साडूच्या हातात फोन, आणि फोनवर जामीनदाराला आलेली नोटीस.

"मी तुला हात दिला आणि तू माझा खांदाच उपटलास," साडू म्हणाला. पण आवाजात जोर नव्हता. तो भिंतीकडे बघत राहिला आणि मग त्याचे डोळे भरून आले. "माझीही गाडी हप्त्यावर आहे रे. घरही दुसऱ्यांदा गहाण टाकलंय. मी तरी कुठं पैशाला राबवतोय? मीच राबतोय." मेहुणीनं नवऱ्याकडे असं पाहिलं, जणू तिला हे आत्ताच कळतंय. दोन्ही बहिणी एकमेकींकडे बघायला धजल्या नाहीत.

ते गेल्यावर बायकोनं मुलीला आत झोपवलं, दार लोटलं आणि त्याच्या समोर येऊन बसली.

"किती आहेत?" तिनं विचारलं.

"काय?"

"कर्जं. पाच म्हणू नका. मागच्या महिन्यात दोन वेगळ्याच माणसांचे फोन मला येऊन गेलेत. मी वाट बघत होते, तुम्ही कधी सांगताय त्याची."

त्यानं सांगितलं. आठही सांगितली. मग तार सांगितली. मग दहा मिनिटं सांगितली. ती दहा मिनिटं सांगताना तो लहान पोरासारखा रडला. ती त्याच्या जवळ आली नाही. बसल्या जागेवरूनच म्हणाली, "मी जोडीनं ओझं उचललं असतं हो. पण तुम्ही मला फक्त रिकामी पाटी दाखवत राहिलात."

सोमवारी कंपनीत चौकशी झाली. टेबलापलीकडे मॅनेजर, विम्याचा माणूस आणि वस्ताद. मॅनेजरनं वही पुढं सरकवली. सही त्याचीच होती. ती नाकारायचा प्रश्नच नव्हता.

"तार राहिल्याचं तुमच्या लक्षात कधी आलं?" विम्याच्या माणसानं विचारलं. "फोन चार वाजून पाच मिनिटांचा आहे."

उत्तर समोर आयतं ठेवलेलं होतं. चार वाजून पाच. लक्षात आलं आणि ताबडतोब कळवलं. अपघात तोवर होऊन गेलेला. चूक माणसाच्या हातून होते. वस्तादानं त्याच्याकडे पाहिलं आणि डोळ्यांनीच सांगितलं, बोल, हेच बोल.

"चारला दहा कमी असताना," पाचपगारी म्हणाला.

"मग पंधरा मिनिटं काय करत होतात?"

"दुसऱ्या कामावर होतो. तिथले पैसे मिळाल्यावर जाऊ म्हणून थांबलो."

मॅनेजरनं पेन खाली ठेवलं. वस्ताद उठून खिडकीपाशी गेला. बाहेर आल्यावर तो एवढंच म्हणाला, "गाढवा, मी तुला वाचवत होतो."

"मला माहीत आहे वस्ताद. पण मावशींना कुणी सांगितलंय का, की त्यांचा हात का वाचला नाही?"

नोकरी गेली. लिफ्टच्या कामाचा परवानाही वर्षभरासाठी गेला. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं तरी राहतं म्हणतात. याच्या हाती तेही नव्हतं. होतं ते पलंगाखालची अकरा खोकी आणि आठ कर्जं.

मग बायकोनं सूत्रं हातात घेतली. तिनं शाळेच्या जुन्या वहीवर आठही कर्जं लिहून काढली, व्याजाचा दर सगळ्यात चढा असलेलं सगळ्यात वर. कॉफीचं मशीन येईल त्या भावाला विकलं. अकरा खोकी तिनं स्वतः दारोदार फिरून अर्ध्या किमतीत संपवली. एकही नातेवाईक गाठला नाही, सगळी अनोळखी दारं. आणि एके दिवशी ती बँकेत जाऊन घराचा हप्ता लांबवून मागायला बसली. तीन तास बसली. अधिकारी म्हणाला, "मुदत वाढवली तर व्याज वाढेल, बाई." ती म्हणाली, "वाढू दे. आम्हाला श्वास हवाय. श्वास असला की माणूस चालतो." घर विकावं लागेल का, हा प्रश्न त्यांनी सहा महिने पुढं ढकलला. टळला नव्हता तो. रोज पलंगाशी येऊन बसत होता. टेम्पो लिलावात गेला आणि त्यातून जे आलं त्यानं कर्जाचा निम्मासुद्धा भार हलला नाही. उरलेलं साडूच्या माथी आलं. साडूनं बोलणं टाकलं. बहिणी चोरून फोनवर बोलत.

मावशी दहा दिवसांनी घरी आल्या तेव्हा तो त्यांना भेटायला गेला. एका खोलीचं घर, भिंतीला लावलेली खाट, हाताला पांढरं बँडेज. सून बाहेर निघून गेली. तो उभाच राहिला.

"मावशी, मला दहा मिनिटं आधी कळलं होतं," तो म्हणाला. "मी थांबलो."

"कशासाठी?" मावशींनी विचारलं.

"हप्त्यासाठी."

"हप्ता भरलास?"

"नाही."

"म्हणजे तुझा हप्ताही गेला आणि माझा हातही गेला." त्या हसल्या नाहीत. "माफ कर म्हणायला आलास?"

"नाही. पैसे द्यायला आलोय. थोडे थोडे देईन, दर आठवड्याला."

"विमा देणार आहे म्हणतात. तुझे पैसे तुझ्या पोरीला लागतील." त्यांनी बँडेजचा हात मांडीवर नीट ठेवला. "मला तुझे पैसे नकोत. मला माझी कामं हवीत. माझ्याकडे पाच इमारती होत्या. डॉक्टर म्हणतो तीन महिने हात चालवायचा नाही. तीन महिने कोण थांबतंय माझ्यासाठी? मागच्या आठवड्यातच एकीनं दुसरी बाई शोधली. एकदा काम गेलं की या वयात परत कोण देणार?"

तो म्हणाला, "मी करतो."

"काय करतोस?"

"जिने पुसतो. तुमच्या नावानं. पगार तुमच्या हातात येईल. हात बरा झाला की कामं तुमची तुम्हाला."

मावशींनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुला पुसता येतं?"

"शिकेन."

चार इमारती तीन महिने त्यानं सांभाळल्या. पहाटे पाचला सुरू करायचा आणि दहापर्यंत आटपायचा. मग दिवसभर एका इलेक्ट्रिकच्या दुकानात पंखे दुरुस्त करायचा. परवाना लागत नाही असं तेवढंच काम उरलं होतं. चौथी इमारत तीच होती, सात मजल्यांची. तिथले काही लोक त्याला ओळखायचे आणि पायरीवरून जाताना मुद्दाम ओल्या फरशीवर पाय ठेवायचे. तो परत पुसायचा. एकदा जिन्यात वस्ताद समोर आला, लिफ्टची तपासणी करायला. त्यानं पाहिलं आणि कडेनं निघून गेला. परतताना मात्र त्यानं बूट हातात घेतले होते.

पगाराच्या दिवशी चारही इमारतींचे पैसे तो मावशींना नेऊन द्यायचा. त्या मोजून घ्यायच्या, आभार मानायच्या नाहीत, आणि त्यालाही ते नको होते. कधी त्या म्हणायच्या, "तिसऱ्या इमारतीची बाई म्हणाली कोपरे राहतात. कोपऱ्यात बोट घालून पुसायचं." तो मान हलवायचा.

तीन महिन्यांनी हाताचं बँडेज सुटलं. करंगळी वाकडीच राहिली, मुठीत मिटत नव्हती. मावशी पहिल्या दिवशी त्याच्याबरोबर आल्या, डाव्या हातात बादली घेऊन. तीन मजले त्यांनी पुसले आणि तिसऱ्यावरच बसल्या. "जमेल," त्या म्हणाल्या. "हळू, पण जमेल."

"मी अजून महिनाभर येतो."

"नको. आता तू तुझं बघ." मग थोड्या वेळानं, पिळलेलं फडकं झटकत, "हप्ते किती राहिले?"

"सहा कर्जं आहेत अजून."

"तूच म्हणाला होतास ना, आठ आहेत म्हणून?"

"दोन फिटली. बायकोनं फेडली."

मावशींनी मान डोलावली. जिन्याच्या खिडकीतून सकाळचं ऊन खालच्या पायऱ्यांपर्यंत आलं होतं. पाचपगारीनं बादली उचलली आणि चौथ्या मजल्यावरून पुसायला सुरुवात केली. मावशी खालूनच ओरडल्या, "कोपरे!"